पॉववॉवला जाताय? माइककडे कान ठेवा

उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींचे मेळे, म्हणजे पॉववॉव, वसंतापासून पानगळीपर्यंत जवळपास दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे भरतात. या वेळच्या टपालात तिकडच्या मराठी वाचकांचे त्याबद्दलचे प्रश्न बरेच होते, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : जुलैत आई-बाबा भारतातून येत आहेत. त्यांना पॉववॉव दाखवायचा आहे, पण तिथे आमच्या ओळखीचं कोणी नाही. असं उठून गेलं तर चालतं का? (एडिसन, न्यू जर्सी)

चालतं. ज्या पॉववॉवची जाहिरात झाली आहे, तो सगळ्यांसाठी खुला असतो, आमंत्रण लागत नाही. तुम्हाला सोयीचा म्हणजे न्यू यॉर्कच्या क्वीन्स काउंटी फार्म म्युझियमच्या आवारात जुलैच्या अखेरीस भरणारा. १९६३ साली सुरू झालेला ‘थंडरबर्ड अमेरिकन इंडियन डान्सर्स’ हा संच तो भरवतो. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, तेव्हा त्या वर्षीचं पत्रक बघूनच बेत आखा.

वेळ ठरवताना ग्रँड एंट्री धरून चला. सगळ्या नर्तकांचं हे एकत्र आगमन चुकलं तर अर्धा पॉववॉव चुकला. मोठ्या मेळ्यांत ती साधारणपणे शनिवारी दुपारी बारा किंवा एकला आणि पुन्हा संध्याकाळी सातला असते, रविवारी फक्त दुपारी. पाऊण तास आधी पोचा. दिलेल्या वेळेपेक्षा उशीर बऱ्याचदा होतो आणि त्यावरचे विनोदही तिथलेच लोक करतात, पण जागा मिळायची तर लवकर जावंच लागतं. रिंगणाला लागून पहिल्या ओळीत ब्लँकेट टाकलेल्या खुर्च्या दिसतील. रिकाम्या दिसल्या तरी त्या नर्तकांच्या घरच्यांच्या असतात. आपली घडीची खुर्ची न्यावी आणि मागे मांडावी.

सर्वांत पुढे गरुडाच्या पिसांची काठी येते, मग झेंडे, माजी सैनिक, मुख्य नर्तक-नर्तकी आणि त्यांच्यामागे एकेका नृत्यप्रकाराचे गट, अगदी चिमुरड्यांपर्यंत. नंतर झेंड्याचं गीत, प्रार्थना आणि माजी सैनिकांच्या मानाचं गीत. तेवढा वेळ सगळे उभे असतात, टोप्या हातात. बाबांचे गुडघे दुखत असतील तर ते बसून राहिले तरी कोणी काही म्हणणार नाही, टोपी मात्र काढायला सांगा. ज्या सरकारने १८८३मध्ये नियमावली काढून यांच्या नाचांना गुन्हा ठरवलं, त्याच देशाचा झेंडा इथे इतक्या मानाने येतो, याचं नवख्याला नवल वाटतं. तो मान सैन्यात गेलेल्या आपल्या माणसांचा आहे. आणि झेंड्याच्याही पुढे जमातीची काठी असते, हे नीट बघा.

दारू पूर्ण बंद, कुत्राही घरीच ठेवा. आई-बाबांना एक आधीच सांगून ठेवा : ‘आम्ही इंडियन’ म्हटलं की समोरून ‘कुठल्या जमातीचे?’ असा प्रश्न येतो. ‘भारतातून आलो’ म्हणायचं. जुन्या पुस्तकांतला ‘रेड इंडियन’ हा शब्द तर ओठांवरही येऊ नये.

प्रश्न : फोटो काढायला कधी परवानगी असते आणि कधी नाही? गेल्या वेळी काही जण काढत होते, काहींना थांबवलं. (सनीवेल, कॅलिफोर्निया)

याला एकच छापील नियम नाही. नियम माइकवरून येतो. एमसी, म्हणजे सूत्रसंचालक, दिवसभर बोलत असतो. त्यातले निम्मे विनोद असतात, पण उरलेल्या निम्म्यात कोण नाचणार, कधी उभं राहायचं, कधी कॅमेरा खाली ठेवायचा, हे सगळं येतं. गप्पांत ते ऐकलं नाही की मग अरीना डायरेक्टर, म्हणजे रिंगणावर देखरेख करणारा माणूस, येऊन थांबवतो. तुमच्या वेळी बहुधा तसंच झालं असावं.

प्रार्थना, झेंड्याचं गीत, कुणाच्या स्मरणार्थ किंवा सन्मानार्थ म्हटलेलं गीत या वेळी कॅमेरा बंद. एरवी नाच चालू असताना आपल्या जागेवरून काढलेला फोटो बहुतेक ठिकाणी चालतो. रिंगणाबाहेर कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा, मुलांचा हवा असेल तर त्यांच्या आई-वडिलांना. त्यांच्या पोशाखाला ‘कॉस्च्युम’ म्हणू नका, ‘रिगेलिया’ म्हणा, आणि मणीकाम कितीही सुरेख वाटलं तरी हात लावू नका. एकेक पट्टा विणायला महिने लागतात, त्यातलं एखादं पीस आजोबांकडून आलेलं असतं. गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर त्या ड्रमच्या, म्हणजे ड्रमभोवती बसून गाणाऱ्या संचाच्या, प्रमुख गायकाला विचारायचं. गाणी बऱ्याचदा एखाद्या घराण्याची किंवा संचाची असतात. ड्रोन नेऊच नका.

तुमच्या भागात मे महिन्यात मदर्स डेच्या शनिवार-रविवारी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पॉववॉव असतो. १९७१पासून तिथले मूलनिवासी विद्यार्थीच तो भरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याहून सोपी जागा नाही.

प्रश्न : नाचताना कुणाचं तरी पीस खाली पडलं. माझा मुलगा उचलायला धावला तर दोघातिघांनी ओरडून अडवलं. असं काय झालं? (डॅलस, टेक्सस)

ते गरुडाचं पीस असणार. ते पडलं की नाच थांबतो, कॅमेरे बंद होतात, आणि ठरावीक माणसं, बहुधा माजी सैनिक, विधीपूर्वक ते उचलतात. काही जमातींत पडलेल्या पिसाकडे रणात पडलेला योद्धा म्हणून पाहतात. तुम्हाला असं पीस दिसलं तर शिवू नका, त्याच्याजवळ उभे राहा आणि अरीना डायरेक्टरला हाक मारा. मुलाला कोणी रागावून ओरडलं असं मनात धरू नका.

यात कायद्याचाही भाग आहे. गरुडाचं पीस जवळ बाळगणं अमेरिकेत १९४०च्या कायद्याने गुन्हा आहे, सोनेरी गरुड त्यात १९६२मध्ये आला. संघराज्याने मान्यता दिलेल्या जमातींच्या सदस्यांना धार्मिक कामासाठी सूट मिळते. मेलेले गरुड डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारात गोळा होतात आणि तिथून अर्जाच्या क्रमाने त्यांना दिले जातात. हवी तशी पिसं हाती यायला वर्षानुवर्षं लागू शकतात. कुणी तुम्हाला गरुडाचं पीस विकायला आलं, तर विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

प्रश्न : आम्हा बायकांना रिंगणात उतरून नाचता येईल का? आणि तो छनछन वाजणारा झगा कसला? (शिकागो)

एमसीने ‘इंटरट्रायबल’ पुकारलं की उतरा. हा नाच सर्वांसाठी असतो, साध्या कपड्यांतही चालतो. खांदे झाकलेले असावेत. काही ठिकाणी, विशेषतः ओक्लाहोमाकडे, रिगेलिया नसलेल्या बायकांनी खांद्यावर शाल घ्यावी अशी रीत आहे. ओढणीपेक्षा शाल बरी, ओढणी दुसऱ्याच्या मण्यांत अडकते. मुलांच्या डोक्यात पिसं खोचणं, गालांवर रंगाचे पट्टे ओढणं हे प्रकार नकोत.

पाऊल सोपं आहे. ड्रमच्या एका ठोक्याला डाव्या पायाचा चवडा हलकेच टेकवायचा, दुसऱ्या ठोक्याला तेच पाऊल पूर्ण ठेवायचं, मग उजवा. नवशिका इथेच चुकतो : एकेका ठोक्याला एकेक पाऊल टाकतो आणि पुढच्याच्या अंगावर जातो. दिशा बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या काट्यांची. हॉडेनोशोनी, म्हणजे इरोक्वॉय लोकांच्या स्वतःच्या सामाजिक नाचांत ती उलटी असते, तेव्हा पुढच्याकडे बघून चाला. गाणं साधारणपणे चार वेळा म्हटलं जातं. मध्येच ठोके एकदम जोरात पडले की गाणं संपलं असं समजून थांबू नका, ते मानाचे ठोके असतात. ‘राउंड डान्स’ त्याहून सोपा, भोंडल्याच्या फेरासारखा : हात धरून, तोंड आत करून, डावीकडे सरकायचं. स्पर्धेचे नाच, ज्यात पोशाखाला क्रमांक टोचलेले असतात, ते सोडून द्यायचे.

आता झगा. त्याला जिंगल ड्रेस म्हणतात, तो ओजिब्वे लोकांचा. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सुमारास त्याची सुरुवात झाली, तीच साथ जिला इकडे ‘बॉम्बे फीव्हर’ म्हणत. आजारी मुलीच्या वडिलांना स्वप्नात हा पोशाख आणि नाच दिसला आणि तो नाच केल्यावर मुलगी बरी झाली, अशी कथा मिनेसोटात आणि ऑन्टॅरिओत थोड्याफार फरकाने सांगतात. म्हणून हा नाच आजही बरं वाटावं यासाठीचा मानतात आणि आजारी माणसासाठी तो करा अशी विनंतीही केली जाते. पूर्वी तंबाखूच्या डब्यांची झाकणं गुंडाळून शंकू करायचे, अजूनही काही जणी करतात. शंकू रिबिनीने ओळीत शिवलेले असतात. ते इतके जवळ हवेत की हालताना शेजारच्यावर आपटतील. लांब पडले तर झगा मुका राहतो, फार दाटले तर एकमेकांत अडकतात. एका झग्याला ३६५ शंकू हा आकडा वर्षाच्या दिवसांवरून सांगितला जातो, प्रत्यक्षात मापाप्रमाणे कमीजास्त असतात. पावलं जमिनीलगत ठेवायची, उंच उडी नाही. मानाच्या ठोक्यांना हातातला पिसांचा पंखा वर जातो, ते बघण्यासारखं असतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिथे खायचं काय? (ब्रॅम्प्टन, ऑन्टॅरिओ)

विचारून खा. फ्राय ब्रेड सगळीकडे मिळते : मैदा, बेकिंग पावडर, मीठ, कोमट पाणी, आणि तळण. अडचण तळणात आहे, कारण बऱ्याच गाड्यांवर अजून डुकराची चरबी वापरतात, काहींवर तेल. ‘इंडियन टाको’मधून खिमा काढायला सांगितलात तरी खालचे बीन्स बहुधा मांसातच शिजलेले असतात. तुमच्या भागातल्या कॉर्न सूपमध्ये डुकराचं मांस घालतात. तेव्हा ‘कशात तळता?’ हे आधी विचारा आणि तेल म्हणाले तर मधासोबत फ्राय ब्रेड घ्या, गरम असेतोवर खा. गार झाली की ती चामड्यासारखी होते. रात्रीच्या जेवणाच्या सुटीत गाड्यांवर झुंबड उडते, त्याआधी अर्धा तास गेलेलं बरं. सगळीकडे कार्ड चालेल असं धरू नका, सुटे पाच-दहा डॉलर जवळ ठेवा. ‘ब्लँकेट डान्स’ला गायकांसाठी किंवा कुणाच्या मदतीसाठी ब्लँकेट अंथरतात, तेव्हाही ते लागतात.

हा पदार्थ काही फार प्राचीन नाही. नाव्हाहो लोकांना १८६४मध्ये सैन्याने शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोला नेलं, तिथे रेशनवर मैदा आणि चरबी मिळाली, त्यातून ती आली असं सांगतात. त्यामुळे तिच्याबद्दल त्यांच्यातच दोन मतं आहेत.

तुम्हाला सर्वांत सोयीचा मेळा सिक्स नेशन्स या इरोक्वॉय वस्तीचा, ब्रँटफर्डजवळच्या ओश्वेकनला, जुलैच्या अखेरीस. कॅनडाने १८८५पासून पॉटलॅच या समारंभावर बंदी घातली, पुढे ती इतर नाचांपर्यंत वाढवली, आणि ती कलमं १९५१मध्ये गेली. रिंगणाभोवती बसलेल्या आज्यांपैकी काहींनी तो काळ पाहिला आहे.

प्रश्न : फिरोजाची चांदीची अंगठी घ्यायची आहे. खरी कशी ओळखायची? (फीनिक्स)

विक्रेत्याला थेट विचारा : कोणी घडवली, कुठल्या जमातीच्या कारागिराने, खडा नैसर्गिक आहे की राळ भरून पक्का केलेला? खरा विक्रेता नाव सांगतो, पावतीवर लिहून देतो. १९९०च्या कायद्यानुसार मूलनिवासी कारागिराची नसलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे, आणि व्यक्तीला पहिल्या गुन्ह्यालाच अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘नेटिव्ह स्टाइल’ लिहिलेलं असलं की समजा, दुकानदार पळवाट काढतोय. राळ भरलेला फिरोजा हा खोटा नव्हे, मऊ खडा टिकावा म्हणून तसं करतात, फक्त किंमत नैसर्गिकाची देऊ नका. नुसत्या भुकटीचे साच्यात दाबलेले ‘ब्लॉक’ मात्र टाळा. सांता फेला गेलात तर पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या पडवीत बसणाऱ्या कारागिरांकडून घ्या, तिथे मूलनिवासी कारागिरांनाच आणि स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचा माल विकायला परवानगी आहे.

पिसं, नखं, दात असलेली कुठलीही वस्तू भारतात न्यायच्या विचाराने घेऊ नका.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी आहे. एकच मेळा बघायचा तर कुठला? (सिअॅटल)

क्रो फेअर, मोन्टाना. १९०४मध्ये सरकारी अधिकाऱ्याने शेतीचं प्रदर्शन म्हणून सुरू केलेली ही जत्रा क्रो लोकांनी पार आपली करून टाकली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी शेकडो टीपी तंबू उभे राहतात. सकाळच्या मिरवणुकीत मण्यांनी मढवलेले घोडे आणि स्वार बघायला दहाच्या आत रस्त्याकडेला हजर असा. दुपारी रोडिओ, रात्री नाच. हॉटेलं हार्डिनला किंवा तासाभरावरच्या बिलिंग्जला, काही महिने आधी ठरवा. दिवसा ऊन भाजतं आणि रात्री जाकीट लागतं. तंबूंच्या वस्तीत बोलावल्याशिवाय शिरू नका, ती लोकांची घरं आहेत. अल्बुकर्कीचा ‘गॅदरिंग ऑफ नेशन्स’ १९८३पासून गाजला, पण आयोजकांनी २०२६चा मेळा शेवटचा म्हणून जाहीर केला होता, तेव्हा जुन्या प्रवासमार्गदर्शकांवर विसंबू नका.

प्रश्न : न्यू मेक्सिकोत पुएब्लोंचे, म्हणजे तिथल्या मूलनिवासींच्या जुन्या गावांचे, ‘फीस्ट डे’ असतात, तेही असेच का? (अल्बुकर्की)

नाही, आणि हा फरक ओळखला नाही तर तिथून बाहेर काढलं जातं. पॉववॉव हा मेळा आहे; फीस्ट डेचा नाच ही प्रार्थना आहे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, नाचणाऱ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, चौकातून आडवं जायचं नाही, छपरांवर किंवा शिड्यांवर चढायचं नाही. ताओसला ३० सप्टेंबरच्या सान हेरोनिमोच्या दिवशी कॅमेरा चालत नाही, फोनही गाडीत ठेवलेला बरा. कुणी घरी जेवायला बोलावलं तर जा, पण पोटभर जेवून, आभार मानून लवकर उठा, कारण त्याच टेबलावर पुढची पंगत बसायची असते. पैसे देऊ करू नका. काही विधी बाहेरच्यांसाठी बंदच असतात. रस्त्यावर तशी पाटी दिसली की गाडी वळवा, विचारपूस नको.

प्रश्न : विंडो रॉकच्या नाव्हाहो नेशन फेअरला वेळेत निघूनही तासभर उशीर झाला. (टूसॉन)

सप्टेंबरात तो होणारच. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, नाव्हाहो नेशन, म्हणजे नाव्हाहो लोकांचा स्वतःचा प्रदेश, करतं, त्यामुळे तेव्हा तिथे तुमच्यापेक्षा एक तास पुढे वेळ असते. होपी लोकांच्या भागात मात्र ती पुन्हा ॲरिझोनाचीच. फोन टॉवरनुसार वेळ बदलत बसतो, तेव्हा हातातलं घड्याळ विंडो रॉकच्या वेळेला लावून निघा.