शिवाजी की कर्नाटक? आधी कॉलेज बघा

प्रश्न: नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये होती, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स केली, ८१ टक्के पडले. केमिस्ट्री आवडते, बीएस्सी आणि पुढे एमएस्सी करायची म्हणते. मला वाटतं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात घालावं, आपली भाषा, आपली माणसं. तिचा मामा म्हणतो धारवाडच, कर्नाटक विद्यापीठाच्या डिग्रीला वजन आहे, त्याने पण ९४ साली बेळगावात राहून तीच घेतली. काय करूया?
– एक पालक

उत्तर: मामांचं खरं आहे, पण त्यांच्या वेळची गोष्ट वेगळी. तेव्हा बेळगावची कॉलेजं धारवाडला जोडलेली होती. २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि ती तिकडे गेली, त्यामुळे आता धारवाडची डिग्री पाहिजे तर बेळगाव जिल्ह्याबाहेर जायला लागणार.

दुसरं म्हणजे बीएस्सीला बहुतेक पोरं विद्यापीठात शिकतच नाहीत हो, शिकतात कॉलेजात. विद्यापीठ सिलॅबस ठरवतं, परीक्षा घेतं, सर्टिफिकेटवर नाव छापतं. शिवाजी १९६२ चं, कर्नाटक १९४९ चं, दोन्ही नावाजलेली, पण तिथली मोठी लॅब एमएस्सीच्या पोरांची. म्हणून तुलना करायची तर कोल्हापूरचं राजाराम कॉलेज आणि धारवाडचं कर्नाटक सायन्स कॉलेज अशी करा (हे धारवाडचं विद्यापीठाचं स्वतःचं कॉलेज आहे, हा एक फायदा). आणि त्यात बेळगावची कॉलेजं पण धरा, ती का सोडताय?

बघायला जाल तेव्हा ऑफिसातून प्रॉस्पेक्टस घेऊन परत येऊ नका, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये डोकवा. टायट्रेशनला एका ब्युरेटवर किती पोरं उभी आहेत ते मोजा, डिजिटल बॅलन्स चालू आहे की कव्हर घालून ठेवलाय ते बघा, आणि सेकंड-थर्ड इयरच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा की ऑरगॅनिकचे प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून घेतात. परमनंट सर किती आणि गेस्ट लेक्चरर किती हेही विचारा, महाराष्ट्रात त्यांना सीएचबी (तासावर पगार घेणारे) म्हणतात, दुखणं दोन्हीकडे तेच.

भाषेचं एवढं मनावर घेऊ नका. बीएस्सी दोन्हीकडे इंग्लिशमधूनच आहे आणि कानडी तिने शाळेत शिकलेलीच असणार, हॉस्टेलात दोन महिन्यांत बोलायला लागेल. जाण्यायेण्याचा विचार मात्र करा. धारवाडला लोंढ्यावरून ट्रेन आहे. कोल्हापूरला बस, आणि सीमावाद तापला की पहिली बसच बंद होते, डिसेंबर २०२२ ला झाली, फेब्रुवारी २०२५ ला परत झाली. निपाणीची पोरं रोज कोल्हापूरला अपडाऊन करतात, तुम्हाला खानापुरातून ते जमणार नाही, म्हणजे दोन्हीकडे हॉस्टेलचा खर्च आलाच.

आणखी एक फरक आहे. कर्नाटकात २०२४ पासून डिग्री परत तीन वर्षांची झाली, महाराष्ट्रात तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. एमएस्सी करायचीच आहे तर यात फार अडकू नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर बीएस्सी बेळगावातच करू दे. पीयूसी तिथेच झाली आहे, शहर ओळखीचं आहे, पैसे वाचतील त्यातून आयआयटी जॅमची (एमएस्सीच्या प्रवेशाची परीक्षा) तयारी करू दे. दोन विद्यापीठांतला निवाडा एमएस्सीला करा, तेव्हा तो खरा लागतो. पॉलिमरकडे ओढा असेल तर धारवाड, तिथलं त्या विषयातलं काम जुनं आहे. फिजिक्सकडे किंवा मटेरियल्सकडे वळली तर कोल्हापूर, थिन फिल्मसाठी शिवाजीचा डिपार्टमेंट ओळखला जातो. मामांना सांगा, धारवाड रद्द नाही, तीन वर्षं पुढे ढकललंय.

तरी कोल्हापूरच ठरलं तर ॲडमिशनआधीच पीयूसीचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला टाका, एलिजिबिलिटीला लागेल. तुमचं गाव महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का बघा, सीमाभागाच्या पोरांना महाराष्ट्रात सवलती आहेत, पण त्या त्या वर्षी कुठल्या आणि किती ते कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घ्या. कर्नाटकातला जातीचा दाखला तिकडे आपोआप चालतो असं धरू नका, स्कॉलरशिपचं गणित त्यावरच फिसकटतं.