टाकीतला पेट्रोलपंप घरी बदलताना

आपली 2005 सालची सॅन्ट्रो चाळीसगावहून कन्नड घाट चढताना भर दुपारी अडखळते, कधी बंदच पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू होते. टाकीतला पंप बदलावा लागेल असे गॅरेजमध्ये सांगितले आहे, तर ते काम घरी करावे का, असे आपण विचारले आहे. काम अवघड नाही, परंतु पंपच गेला आहे याची खात्री झाल्याशिवाय मागच्या सीटखालची टाकी उघडू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हा पंप म्हणजे पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर असते आणि भोवतीचे पेट्रोलच तिला थंड ठेवते. टाकीतले पेट्रोल नेहमी तळाशी ठेवून गाडी चालवली आणि वर जळगाव-भुसावळचा 45 अंशांचा उन्हाळा असला, की झिजलेली मोटर तापून मंदावते आणि निवल्यावर पुन्हा फिरते. आपण सांगितलेले लक्षण याच्याशी जुळते. मात्र पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी गाळाने भरली किंवा अर्थिंगचा जोड गंजला, तरीही चढावर गाडी अशीच दम सोडते. म्हणून इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून पाहावे. तिथे बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी मिळत असेल, तर दोष वायरिंगचा किंवा रिलेचा (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) आहे आणि नवा पंपही तसाच रखडेल. व्होल्टेज पूर्ण असून पेट्रोलच्या नळीला लावलेल्या गेजवर (दाबमापकावर) दाब तीन बारच्या बराच खाली राहत असेल, तरच पुढे जावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता फरशीवरून सरपटत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे काम बंद पडवीत नव्हे, तर मोकळ्या अंगणात, सकाळच्या गारव्यात करावे. त्या वेळी तुळशीपुढचा दिवा लावलेला नसावा, गॅस गिझर बंद असावा आणि जवळच्या कूलरचे बटण कोणी दाबू नये, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे. अंगात सुती कपडे असावेत, कारण कोरड्या हवेत टेरिकॉटवर स्थिर वीज साचते. टाकीला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या लोखंडाला एकदा स्पर्श करावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारून उपयोग होत नाही, म्हणून ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी हवाच. तो नसेल तर हे काम करू नये.

टाकी पाव भागाहून कमी भरलेली असताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. सीटखालचे झाकण काढण्यापूर्वी भोवतीची धूळ ओल्या फडक्याने नीट पुसावी. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती टाकीत पडली, तर नवी गाळणी पुन्हा तुंबायला वेळ लागत नाही. नळीचा जोड सोडवताना त्यावर फडके गुंडाळावे. पंपाचा संच (पंप, गाळणी आणि काट्याचा तरंगता गोळा यांची एकत्र जोडणी) तिरका करून सावकाश बाहेर काढावा, नाहीतर गोळ्याची तरफ वाकते आणि पेट्रोलचा काटा कायमचा चुकीचा दाखवू लागतो.

आता जिथे मी स्वतः चुकलो, ते सांगतो. संचाच्या आत पंपापासून झाकणापर्यंत जाणारी जी आखूड नळी असते, तिच्या जागी मी दुकानातून मिळालेली साधी पेट्रोलची रबरी नळी बसवली होती. महिन्याभरात गाडी पुन्हा अडखळू लागली. उघडून पाहिले, तर नळी फुगून बोटाने मेणासारखी दबत होती आणि क्लिपमधून निम्मी सुटली होती. पंप उत्तम चालत होता, पण त्याने ओढलेले पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडत होते. साधी नळी आतून पेट्रोल वाहून नेण्यासाठी असते, बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसते. त्यासाठी टाकीच्या आत वापरायची वेगळी नळी मिळते, ती थोडी महाग असली तरी तीच घ्यावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते आणखी बाधते, त्यामुळे या बाबतीत काटकसर करू नये.

नुसता पंप घ्यावा की पूर्ण संच, हेही आपण विचारले आहे. संचाच्या प्लास्टिकच्या पकडी शाबूत असतील, तर नुसता पंप, नवी गाळणी आणि झाकणाखालची नवी रबरी रिंग पुरेशी आहे. पकडी ठिसूळ होऊन तुटत असतील, तर पूर्ण संचच घ्यावा. जुनी रिंग मात्र परत वापरू नये, कारण एकदा फुगलेली रिंग खाचेत बसत नाही.

फ्यूज परत बसवून बॅटरी जोडल्यावर लगेच इंजिन सुरू न करता चावी चार-पाच वेळा चालू-बंद करावी. प्रत्येक वेळी दोन सेकंद घूं असा आवाज येईल आणि नळीत दाब भरेल. जोडांभोवती कोरडा कागद फिरवून ओल दिसते का ते पाहावे, इंजिन पंधरा मिनिटे चालवून पुन्हा पाहावे आणि त्यानंतरच सीट बसवावे.