निकाल फिरवायचा नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तिसरी-चौथीच्या पोरांनी आवडत्या पुस्तकाला मतं दिली, तू हौसेने यादीत घातलेलं पुस्तक सपशेल पडलं आणि ढेकर देणाऱ्या भुताचं पुस्तक निवडून आलं. आता 'शिक्षकांची मतं' म्हणून थोडी भर घाला, असं वरून सुचवलं जातंय. काय करू, विचारतेस.

निकाल फिरवायचा नाही. पत्र इथेच संपलं असतं, पण तू पुढे मुलांच्या अभिरुचीवर दीड पान लिहिलं आहेस.

अभिरुची घडवायला अख्खं वर्ष तुझ्या हातात आहे. वाचून दाखव, वाद घाल, आवडत्या पुस्तकाची वकिली कर. मतदानाच्या दिवशी मात्र तोंड बंद. चेहरासुद्धा. चिठ्ठी लिहिताना पोरं मध्येच वर बघतात ना, ती तुझ्या भुवया बघत असतात. खोक्याजवळ उभीच राहू नकोस. चिठ्ठीवर नाव तर अजिबात मागू नकोस, नाहीतर बाईंना आवडेल तेच लिहून मोकळी होतील.

शिक्षकांना मत द्यायचंच असेल तर त्यांनी आपलं वेगळं बक्षीस ठेवावं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकाला मिळणारं न्यूबेरी पदक १९२२पासून ग्रंथपाल ठरवतात, आणि त्याच देशाच्या वायव्य भागात १९४०पासून मुलांच्या मतांवर वेगळं बक्षीस दिलं जातं. एकाच्या पेटीत दुसऱ्याने हात घालायचं कारण काय?

ती भुताची प्रत हातात घेऊन पाहिलीस का? कोपरे मऊ पडलेले, शिवण सुटलेली, एका पानावर तेलकट अंगठा. तुझं पुस्तक उघडताना अजून कडकड वाजत असणार.

हां, भांडायचंच तर प्रतींवरून भांड. भुताच्या चार प्रती आणि तुझ्या पुस्तकाची एकच असेल, तर ते पोरांच्या हाती पडलं कधी? फ्रान्समध्ये १९८८पासून मुलांच्या मतांवर एक पुरस्कार दिला जातो. तिथे मत देण्याआधी आपल्या गटाची सगळी पुस्तकं वाचावी लागतात. तो नियम पुढच्या वर्षी आण, प्रती वाढवून घे. पण पुढच्या वर्षी! या वर्षीचा निकाल फिरवायचा नाही.

माझ्याबद्दल ऐकलं असशीलच. एका शाळेत चिठ्ठ्या आतल्या खोलीत नेऊन मोजायचा बेत होता. मी त्या वर्गातच उघडल्या आणि फळ्यावर पोरांनाच रेघा ओढायला लावल्या, पाचवी रेघ आडवी. आता पुसणार कोण? आडमुठी म्हणाले, ते काम काढून घेतलं. पुढे तिथलं मतदानच बंद पडलं, ही खंत आहे. गोडीगुलाबीने घ्यायला हवं होतं, असं अजूनही ऐकवतात. गोड बोलणाऱ्यांनी किती निकाल वाचवले, ते एकदा दाखवा म्हणावं.

तुला नोकरी सांभाळायची आहे, कळतं मला. म्हणून भांडू नकोस. मोजणी झाली त्याच दिवशी आकडे फलकावर लागले पाहिजेत, एवढंच बघ. अजून लावले नसतील तर उद्या सकाळी, प्रार्थनेच्या आधी लाव.

आणि ते भुताचं पुस्तक तू पूर्ण वाचलंस का? पत्रावरून तसं वाटत नाही. आधी वाच, मग मला लिही.

तुझी,
बाई