ईईसीपीच्या पॅकेजसाठी इमर्जन्सी फंड मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा: वय 47, हृदयाचं काहीही निदान झालेलं नाही, पण दोन जिने चढले की दम लागतो. एका वेलनेस सेंटरने ईईसीपीच्या (पायांना कफ बांधून मशीनने रक्त हृदयाकडे ढकलायची थेरपी) 35 सेशनचं पॅकेज सुचवलंय, 'स्टॅमिना वाढेल, हार्ट फिट होईल' म्हणून. सगळे पैसे आज भरले तर सूट, नाहीतर बिनव्याजी ईएमआय. इमर्जन्सी फंडातला अर्धा भाग काढू की हप्ते घेऊ?

दादा, दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही पैसे कुठून आणायचे ते विचारताय आणि माझी गाडी त्याच्या आधीच अडकलीय, की दम कशाने लागतोय हेच अजून कुणी बघितलेलं नाही. हृदयामुळे लागत असेल, फुप्फुसामुळे असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉईड असेल, किंवा माझ्यासारखं दिवसभर खुर्चीला चिकटून बसल्यामुळेही असेल. आणि समजा हृदयातच काही निघालं, तर तो फंड ज्या दिवसासाठी ठेवलाय तो दिवस तोच ना, आणि तेव्हा त्यातला अर्धा आधीच सेंटरवाल्याकडे गेलेला असणार.

मी डॉक्टर नाही, पण क्लायंट लोकांची अशी बिलं बघून बघून मशीन काय करतं ते पाठ झालंय. पोटऱ्या, मांड्या आणि कमरेखाली बीपीच्या पट्ट्यासारखे मोठे कफ गुंडाळतात, छातीला ईसीजीच्या वायरी, आणि दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडलं की कफ पोटरीकडून वर एकामागोमाग एक फुगतात, पायातलं रक्त वर ढकललं जातं, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना जास्त रक्त मिळतं, आणि पुढचा ठोका पडायच्या आत कफ रिकामे, म्हणजे पंप करायला जोर कमी लागतो. रोज एक तास, आठवड्याला 5 दिवस, 7 आठवडे.

थोतांड नाहीये हे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 1995 मध्ये अँजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आणि 2002 मध्ये हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाचा पंप कमजोर पडणं) याला परवानगी दिली. औषधं चालू आहेत, स्टेंट किंवा बायपास करण्यासारखं काही उरलेलं नाही आणि तरी चार पावलं चाललं की छाती भरून येते, अशा माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर मी म्हटलं असतं, डॉक्टर सांगत असतील तर फंड काढा, त्यासाठीच आहे तो. पण अमेरिकेतली सरकारी आरोग्य विमा योजना मेडिकेअरसुद्धा अशाच गंभीर अँजायनासाठी पैसे देते, फिटनेससाठी नाही.

आता स्टॅमिनाचं बघू, कारण तुम्ही विकत घेताय ते तेच. 1999 मध्ये 139 अँजायना पेशंट्सवर अभ्यास झाला, अर्ध्यांना खरा दाब, अर्ध्यांना नावापुरता. खऱ्या दाबवाल्यांचे छातीत दुखण्याचे अटॅक कमी झाले, ट्रेडमिलवर ईसीजी बिघडायला जास्त वेळ लागला, पण एकूण व्यायामाचा वेळ दोन्हीकडे वाढला आणि त्यातला फरक ठोस म्हणावा एवढा नव्हता. मग 2006 मध्ये हार्ट फेल्युअरच्या 187 पेशंट्सवर बघितलं, व्यायामाचा वेळ किमान 60 सेकंद वाढलेले लोक थेरपीच्या गटात 35 टक्के, नुसत्या औषधांवरच्या गटात 25 टक्के, आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्यात फरक नाही. हे सगळे आजारी लोक होते बरं का. तुमच्यासारख्या निदान नसलेल्या माणसासाठी एवढे पैसे लावावेत असं मला यात काही दिसत नाही.

वेळेचंही बिल असतं. 35 तास नुसतं पडून राहायचं, वर जाणं-येणं, कपडे बदलणं, ऑफिसातून 7 आठवडे रोज लवकर निघणं. तेच 35 तास भरभर चालण्यात घातले तर आठवड्याला 300 मिनिटं होतात, डब्ल्यूएचओ किमान 150 सांगते. (ट्रेडमिल घ्या असं म्हणत नाहीये, माझ्या घरी आहे, त्यावर टॉवेल छान वाळतात.) अर्थात चालणंही डॉक्टरांनी बघितल्यावर वाढवायचं, आणि दम लागताना छातीत दुखत किंवा दाटून येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच जा.

त्या बिनव्याजी ईएमआयचं एक सांगतो. रोख भरल्यावर जी सूट मिळते आणि हप्त्यावर मिळत नाही, तेच व्याज, फक्त नाव बदललंय. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी.

तर आत्ता फंडातून फक्त तपासण्यांचे पैसे काढा: डॉक्टर, ईसीजी, इको, रक्ताच्या टेस्ट, ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. पॅकेजच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे. पायातल्या शिरेत गाठ, महाधमनीला फुगवटा, हृदयाची झडप जास्त गळणं, ठोके फारच अनियमित असणं, यातलं काही असेल तर ईईसीपी बहुतेक वेळा करतच नाहीत, सेंटरने तुम्हाला हे विचारलं का? आणि कार्डिओलॉजिस्टने स्वतः लिहून दिलंच, तर विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या आणि सेंटरला म्हणा, जसं सेशन तसे पैसे. नाही म्हणाले तर एवढंच विचारा, की नवव्या सेशनला पायाला फोड आले आणि थांबावं लागलं तर उरलेल्या 26 चे पैसे किती दिवसांत परत देता. लेखी देत असतील तर तो कागद मला पाठवा, बघतो.