माल जाळला तर कोर्टात काय दाखवतात?

प्रश्न असा की केस अजून उभी राहिली नाही आणि पोलिसांनी पकडलेलं ड्रग, एमडी (मेफेड्रोन), गांजा सगळं तळोज्याला नेऊन भट्टीत घातलं, मग पुरावा कुठे उरला, आरोपी सुटणारच ना? नाही हो, एवढ्यावरून कोणी सुटत नाही. मी बरीच वर्षं सेशन्स कोर्टात एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या, केसेस करतोय, आरोपीतर्फेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडला किटवर थेंब टाकून रंग बघतात ती नुसती प्राथमिक खात्री. कोर्टात चालतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा, मुंबईत बहुतेक कलिन्याच्या लॅबचा. पूर्वी सॅम्पल जागेवरच काढायचे, 1989 च्या सरकारी स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे. 2016 ला मोहनलाल केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं याच कायद्याच्या कलम 52-ए प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढा, आणि डिसेंबर 2022 च्या नियमांत तेच पक्कं झालं. गांजा, चरस, अफू असेल तर 24 ग्रॅम, बाकीचं 5 ग्रॅम, आणि प्रत्येकी दोन-दोन. मॅजिस्ट्रेटने सही केलेली यादी, फोटो आणि ती सॅम्पल हाच मुख्य पुरावा धरायचा असं कायदाच सांगतो, त्यामुळे गोणी जळाली तरी केस जळत नाही.

उरलेला माल त्यासाठीच नेमलेल्या कमिटीसमोर परत वजन करून जाळतात, अफू मात्र सरकारी कारखान्यात जाते, नीमच किंवा गाझीपूरला. आणि ठेवून करणार काय? मथुरेत 2022 ला पोलिसांनी कोर्टाला चक्क सांगितलं की 581 किलो गांजा उंदरांनी खाल्ला :)

खरी मारामारी वजनावर आणि सीलवर होते. माझ्याकडे एक केस होती, ऐन पावसाळ्यात पकडलेला ओला गांजा, पंचनाम्यात 21 किलो 300 ग्रॅम, दोन महिन्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर पोतं काट्यावर ठेवलं तर 18 किलो 900. आता गांजा 20 किलोच्या वर गेला की कमर्शियल क्वांटिटी धरतात, म्हणजे कमीत कमी दहा वर्षं आणि कलम 37 मुळे जामीन जवळपास बंद. सरकारी वकील म्हणाले वाळला, वाळतोच तो, खोटं नाही. पण सुतळीच्या गाठीवरची लाख फुटून नुसता लाल डाग राहिला होता, त्यावर ठसा कोणाचा हे कोणालाच वाचता येईना, आणि मुद्देमाल रजिस्टरला मधल्या काळात पोतं बाहेर काढल्याची नोंदच नाही. जामीन झाला.

तरी 52-ए ची एखादी चूक सापडली म्हणून लगेच पेढे वाटू नका. जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की तेवढ्यावर सुटका नाही, बाकीचा पुरावा भरवशाचा असेल तर शिक्षा होऊ शकते. तुमच्या ओळखीतल्या कोणाची केस असेल तर आधी सीए रिपोर्टची पहिली ओळ वाचा, सील शाबूत आणि सोबत पाठवलेल्या सीलच्या ठशाशी जुळतं असं लिहिलंय का ते, आणि मग मुद्देमाल रजिस्टरची सर्टिफाइड कॉपी मागवा.