आयर्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावातल्या गेलिक फुटबॉल क्लबचा इतिहास कोणी सांगू शकेल का?

एकाच क्लबचं सांगतो, कारण तेवढाच जवळून बघितलाय. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या आयर्लंड प्रजासत्ताकातल्या डंडॉकला राहतो. इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत क्रॉसमॅग्लेन नावाचं गाव आहे. वस्ती दीड-दोन हजार, मध्ये भलामोठा बाजारचौक. लोक नुसतं 'क्रॉस' म्हणतात. वाटेत सरहद्द लागते, पण चौकी वगैरे काही नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या की समजायचं, प्रजासत्ताक संपलं आणि ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड सुरू झालं. क्लबचं नाव क्रॉसमॅग्लेन रेंजर्स, जिल्हा (इथे 'काउंटी' म्हणतात) आर्मा.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. पंधरा-पंधरा जण, चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांत तो जमिनीवर टप्पा मारून किंवा पायाच्या चवड्यावर उडवून परत हातात घ्यायचा. जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांडीवरून गेला तर एक. २०२५ पासून लांबून, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्याला दोन मिळतात. धावसंख्या १-१२ अशी लिहितात : एक गोल आणि बारा गुण, एकूण पंधरा. खेळण्याचा पगार कुणालाच मिळत नाही. ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा प्लंबिंगच्या कामाला जातो.

या खेळाची संघटना, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्यूसॅक आणि त्यांच्यासोबत मोजकी माणसं. इंग्रजांचे खेळ सगळीकडे पसरत होते, आपले मागे पडत होते, ही त्यांची कळकळ. क्रॉसचा क्लब १८८७ चा, म्हणजे संघटना तीन वर्षांची असताना.

क्लब म्हणजे पॅरिश, चर्चची हद्द. तुम्ही ज्या पॅरिशचे, त्या क्लबचे. बाप त्याच क्लबकडून खेळलेला, आजा त्याच क्लबच्या कमिटीवर. इथल्या भारतीय मित्रांना हे समजवायला मला वेळ लागतो, पण कोल्हापूरकराला एका वाक्यात कळतं : तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही आमच्याकडे तालमींची नावं आणि तीच फुटबॉल टीमचीही. फरक एवढाच की आमच्या टीम हल्ली बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही आणतात. इथे सहसा तसलं चालत नाही. गावात जी पोरं जन्माला आली, त्यांच्यातूनच पंधरा काढायचे.

आता खरी गोष्ट, ती मैदानाची. सेंट ऑलिव्हर प्लंकेट पार्क हे क्लबचं मैदान गावातच, पोलिस ठाण्याला लागून. १९६९ नंतर उत्तर आयर्लंड पेटलं (बहुतेक कॅथलिकांना अखंड आयर्लंड हवं होतं, बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटन) आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याने ठाण्याशेजारी तळ उभारला. तळाला जागा कमी पडली, ती क्लबच्या जमिनीतून घेतली. दक्षिण आर्माच्या रस्त्यांवर आयआरए या ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटनेच्या सुरुंगांची इतकी धास्ती होती की सैनिकांची ने-आण, रसद, सगळं हेलिकॉप्टरने चालायचं. जवळच्या बेसब्रुकच्या तळाला तर युरोपातला सर्वांत गजबजलेला हेलिपोर्ट म्हणायचे. उत्तर आयर्लंडचे ब्रिटिश मंत्री मर्लिन रीस यांनी या सगळ्या भागाला 'दरोडेखोरांचा मुलूख' असं नाव दिलं होतं, ते आजही इथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात जातं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या शिफ्टमधल्या एकाने मला पहिल्यांदा मॅचला नेलं. तो क्रॉसचाच. मैदानावर टाच रोवून म्हणाला, "लहानपणी वर हेलिकॉप्टर आलं की एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू यायच्या नाहीत. हात करून बोलायचो." चेंडू भिंतीपलीकडे तळात गेला की गेलाच, असं तो सांगतो. मागायला कोण जाणार? म्हणून त्या बाजूला पोरं जरा जपून मारायची. मला हे ऐकून आमच्या गल्लीतल्या खिडकीच्या काचा आणि खडूस काका आठवले आणि मी हसलो. तो हसला नाही.

क्लब दुसरीकडे जागा घेऊन गेला असता तर? मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "का जायचं?" एवढंच. वर्षानुवर्षं अर्ज, निषेध, वाटाघाटी चालू राहिल्या आणि त्याच मैदानावर मॅचेसही चालू राहिल्या. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू वातावरण निवळलं, आणि २००७ मध्ये सैन्याने तिथला तळ सोडला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसता भक्त वाटेन. संघटनेचा एक नियम होता, एकविसावा : ब्रिटिश सैन्यात किंवा उत्तरेच्या पोलिसात असलेल्या माणसाला सदस्य होता येणार नाही. तो २००१ मध्ये रद्द झाला तेव्हा उत्तरेतल्या सहा काउंट्यांपैकी फक्त डाउनने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. आर्मा विरोधात. क्रॉसचं मैदान बघितलेल्या माणसाला त्यामागचा राग कळतो. पण पोलिसात भरती झालेल्या एखाद्या कॅथलिक पोराला स्वतःच्याच क्लबचं दार बंद, हेही काही बरोबर नव्हतं, असं माझं मत. माझ्या मित्राचं मत वेगळं आहे, आणि आम्ही तो विषय गाडीत काढत नाही.

आता जिंकण्याबद्दल. १९९६ पासून २००८ पर्यंत आर्माची क्लब चॅम्पियनशिप सलग तेरा वेळा क्रॉसने जिंकली. काउंटी जिंकली की अल्स्टर प्रांत, मग अखिल आयर्लंड, अशी चढण असते, आणि अंतिम सामना तेव्हा सेंट पॅट्रिक दिनी, १७ मार्चला, डब्लिनच्या क्रोक पार्कवर व्हायचा. हजाराहून जास्त क्लबांच्या देशात या एवढ्याशा गावाने तो सहा वेळा मारला : १९९७, १९९९, २०००, २००७, २०११, २०१२. पहिल्या तीन वेळी मॅनेजर होते गावचेच जो कर्नन. शेवटच्या दोन वेळी टोनी मॅकेंटी आणि गॅरेथ ओनील. टोनी आधी त्याच टीममध्ये खेळलेला, त्याचा जुळा भाऊ जॉनही.

कर्नन यांना मग आर्मा काउंटीची, म्हणजे सगळ्या क्लबांतून निवडलेली टीम मिळाली. ते स्वतः १९७७ च्या अखिल आयर्लंड फायनलमध्ये आर्माकडून खेळले होते, दोन गोलही मारले होते, तरी डब्लिनने धुव्वा उडवला. २००२ ला आर्मा पुन्हा फायनलला. समोर केरी, म्हणजे या खेळातली मुंबई रणजी टीम समजा. मध्यंतराला आर्मा चार गुणांनी मागे, त्यात क्रॉसच्या ओशीन मॅकॉनव्हिलची पेनल्टी अडवली गेलेली. ड्रेसिंग रूममध्ये कर्नन यांनी १९७७ चं, हरलेल्यांना मिळालेलं स्मृतिचिन्ह सगळ्यांना दाखवलं, असलं घरी न्यायचंय का विचारलं, आणि ते भिंतीवर फेकून फोडलं. उत्तरार्धात त्याच ओशीनने गोल मारला. १-१२ विरुद्ध ०-१४, एका गुणाने आर्मा जिंकलं. सॅम मॅग्वायर चषक, म्हणजे काउंट्यांचा अखिल आयर्लंड चषक, आर्माला पहिल्यांदाच मिळाला. दुसरा यायला २०२४ उजाडलं, त्याही टीममध्ये क्रॉसचे ओनील भाऊ होते.

सैन्याने छळलं म्हणून हे जिद्दीने जिंकले, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. सैन्य सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून होतं, अखिल आयर्लंड चषक आला १९९७ ला. माझ्या मते, एकाच पिढीत चांगल्या पोरांची खेप निघाली, मॅनेजर तसा भेटला, आणि हिवाळ्याच्या पावसात संध्याकाळी सरावाला यायचं कुणी चुकवलं नाही. तळाने दिलं असेल तर एवढंच, की मैदान सोडायचं नाही हे पोराटोरांनाही न शिकवता ठाऊक होतं.

तुम्ही कधी आलात तर ऑक्टोबरच्या आसपास या, काउंटी चॅम्पियनशिपचे शेवटचे सामने तेव्हा असतात. पलीकडे चलन पौंड आहे, थोडे जवळ ठेवा. काळा-पिवळसर जर्सीवाले ते क्रॉस. मध्यंतर झालं की प्रेक्षकांतली पोरं चेंडू घेऊन मैदानात घुसतात, तेवढ्यात चहा घेऊन या. पहिल्या वेळी गेटवरच्या आजोबांनी मला देश विचारलाच नाही. "कुठल्या क्लबचा?" म्हणाले. मी शिवाजी पेठ सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तिकीट फाडलं.