सातवा महिना आहे, सोलापुरात राहते. बाळ दत्तक द्यायचं तर कुणाकडे जाऊ?

ताई, ओळखीच्या जोडप्याला परस्पर बाळ देऊ नका. पैसे घेऊन तर मुळीच नाही, तो गुन्हा आहे. जन्मानंतर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर रीतसर सही होते. लग्न झालेलं नसेल तर तुमची एकटीची पुरते, नाव गुप्त राहतं. आणि सहीनंतर ६० दिवस निर्णय बदलता येतो. हे दिवस फार मोलाचे. माझी मावसबहीण चाळिसाव्या दिवशी गेली आणि बाळाला चादरीत गुंडाळून घरी घेऊन आली, वाटभर रडत. आताच बोलावंसं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लाजू नका हो, आपल्याच पंढरपुरात १८७५ साली अशा आयाबायांसाठी आश्रम निघालाय.